कोंड्यासाठी पथ्य पाळावं का?

अस्मिता_र
कोंड्याचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला: साखर सोड, दूध सोड, तळलेलं बंद कर. माझं मत असं की कोंड्यावरचा पहिला इलाज ताटात शोधू नये.

कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची सूक्ष्म बुरशी असते. ती जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर असतेच. तिला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत. २००७ साली तिच्या एका जातीचा जनुकसंच उलगडला तेव्हा त्यासाठी लागणारं जनुकच त्यात सापडलं नाही. त्यामुळे ती आपल्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर, म्हणजे सीबमवर जगते. ते तेल ती फोडते, हवं ते शोषून घेते आणि ओलेइक आम्लासारखे उरलेले घटक त्वचेवरच राहतात. ज्यांच्या त्वचेला ते सोसत नाहीत त्यांना खाज सुटते, पेशी भराभर गळतात आणि खांद्यावर पांढरे खवले पडतात. या सगळ्यात जेवणाचा संबंध येतो तो फार लांबून. केटोकोनॅझोलचा शाम्पू मात्र थेट बुरशीवर काम करतो. तो बाजूला ठेवून लोक महिनोन्महिने पथ्यं पाळत बसतात, याचं मला वाईट वाटतं.

चैतन्य
बुरशीबद्दल वाद नाही, पण 'फार लांबून' हे पटलं नाही. बुरशी तेलावर जगते, मग ते तेल किती सुटतं हे महत्त्वाचं नाही का? तेलग्रंथी संप्रेरकांच्या तालावर चालतात. साखर आणि मैदा जास्त झाला की इन्सुलिन वाढतं आणि ते या ग्रंथींना चेतवतं. मुरुमांच्या बाबतीत हा दुवा बराच अभ्यासला गेलाय.

शिवाय नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासाचा भाग म्हणून ४,३७९ जणांचा आहार तपासला होता, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्यातल्या ६३६ जणांना सेबोऱ्हिक डर्मटायटिस होता, म्हणजे कोंड्याचाच थोरला भाऊ. भरपूर फळं खाणाऱ्यांमध्ये त्याची शक्यता २५ टक्क्यांनी कमी दिसली. मांस आणि प्रक्रिया केलेले पदार्थ भरपूर असलेला पाश्चात्त्य पद्धतीचा आहार घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ती ४७ टक्क्यांनी जास्त होती. हे झटकून टाकण्यासारखं नाही.

अस्मिता_र
झटकत नाही, पण त्यातून निघतं तेवढंच काढू या. ती एका वेळची पाहणी होती. कोणाला आधी काही खायला देऊन मग डोकं तपासलं नव्हतं. फळं खाणारी माणसं झोप, व्यायाम, सिगारेट याही बाबतीत वेगळी असू शकतात. पुन्हा ४७ टक्क्यांचा आकडा फक्त स्त्रियांचा, पुरुषांत तसा संबंध दिसला नाही. आणि मुरुमांचा पुरावा कोंड्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

जुई_कु
मी साखर जवळपास बंद केल्यावर माझी खाज कमी झाली. हा अनुभव खरा आहे आणि त्यासाठी मला कोणत्याही अभ्यासाची गरज वाटत नाही.

अस्मिता_र
जुई, तुझ्या अनुभवावर शंका नाही. पण कोंडा आपोआप वाढतो आणि आपोआप ओसरतो. थंड कोरड्या हवेत, ताणात बळावतो. त्याच काळात शाम्पू किंवा ऋतू बदलला असेल तर श्रेय नेमकं कोणाला द्यायचं?

डॉ_नाही_पण_वाचक
दोघांच्या वादात एक गोष्ट राहून गेली: कमतरता. झिंक, बी२ किंवा बी६ जीवनसत्त्व खरोखरच कमी पडलं तर त्वचेवर खवले येतात, तेव्हा आहार हाच इलाज. मद्य जास्त घेणारे, आतड्यांचे आजार असलेले, फार मोजकंच खाणारे यांनी हे तपासून घ्यावं.

पण इथूनच लोक गोळ्यांकडे वळतात आणि मला खरी काळजी तिथे आहे. झिंक दीर्घकाळ जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं. सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व अती झालं की उलट केस गळतात. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही रक्ततपासण्या चुकतात, त्यात हृदयविकाराच्या झटक्याची ट्रोपोनिन चाचणीही येते. कोंड्यासाठी एवढी जोखीम कशाला?

रेवा_मा
बुरशी आहे म्हणून पाव आणि यीस्टचं सगळं बंद करायचं, असंही सांगतात. माझ्या मुलीने तेही सोडलंय, दूधही सोडलंय. वय १५. डोकं तसंच आहे, वजन मात्र उतरलंय.

चैतन्य
रेवाताई, तो सल्ला चुकीचाच आहे. पावातलं यीस्ट वेगळं आणि डोक्यावरची बुरशी वेगळी. पाव खाल्ल्याने ती वाढत नाही. मी साखर कमी करा म्हणतो, वाढत्या वयात जेवण तोडा असं कधीच म्हणणार नाही.

अस्मिता_र
यावर चैतन्यशी पूर्ण सहमत. रेवाताई, तिचं जेवण आधी पूर्ववत करा. केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. फेस केसांवर नव्हे, त्वचेवर लागला पाहिजे आणि तीन ते पाच मिनिटं राहिला पाहिजे. बहुतेक जण लगेच धुऊन टाकतात. डोक्याला तेल लावत असेल तर तूर्त थांबवा, त्या बुरशीला तेही चालतं. तरीही फरक पडला नाही, किंवा खपल्या भुवयांवर, कानामागे पसरल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि वजन उतरल्याचंही त्यांना नक्की सांगा.