नऊ वर्षांच्या मुलीला स्प्रिंगबोर्ड डायव्हिंगला घालावं का?

संगमकाठ (हरिपूर)
नमस्कार मंडळी. मुलगी चौथीत आहे. मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकली, आता विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यावरून सुळकी मारते, हवेत कोलांटीपण घेते. भाचा म्हणतो डायव्हिंगला घाला, आजी म्हणते हाडं मोडून घेईल. यात पुढं काही होतं का? सांगलीत राहून जमेल का?

गावभागची_ताई
दादा, मी सात वर्षं तीन मीटरच्या बोर्डवर काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सरकारी घाटावर वाढलेली. भाऊ आयर्विन पुलावरून नदीत उड्या टाकायचे, चौदाव्या वर्षी मीही टाकली. वाटलं, आता आपल्याला सगळं येतं. पंधराव्या वर्षी पुण्याला मावशीकडं राहून बालेवाडीला जायला लागले आणि पहिल्याच दिवशी कळलं की पुलाचा कठडा हलत नाही, बोर्ड हलतो. सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची फळी. तुम्ही तिला दाबता, ती खाली जाते, आणि ती वर येईपर्यंत तिच्यावर थांबायचं असतं. नदीवर आपण पाय झाडून मोकळे होतो. ती सवय मोडायलाच माझी दोन वर्षं गेली. हवेत मिळतो जेमतेम दीड सेकंद, तो या थांबण्यातूनच येतो.

म्हणून नऊ हे वय चांगलं आहे. चीनच्या फू मिंगशियानं 1992 ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये प्लॅटफॉर्मचं (म्हणजे न हलणाऱ्या उंच चौथऱ्यावरून उडीचं) सुवर्ण घेतलं तेव्हा ती 13 वर्षांची होती. मी उशिरा गेले, ते मला अजून लागतं.

भीतीचं खरं सांगते. पुढं तोंड करून उडायचं आणि बोर्डकडं उलटं फिरायचं, त्याला रिव्हर्स म्हणतात. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लुगानिसचं डोकं त्यातच बोर्डला लागलं. टाके घालून तो परत आला आणि सुवर्ण जिंकला. माझी फक्त टाच घासली होती, तरी चार महिने मला रिव्हर्स मारवेना. शेवटी सोडलं ते मनगटामुळं. पाण्यात तळहात सपाट करून शिरतो, सगळा मार तिथं बसतो.

गुणांचंही समजून घ्या, पालक इथंच घाई करतात. सात परीक्षक असले की वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढतात, उरलेल्या तिघांची बेरीज करून उडीच्या काठिण्याच्या आकड्यानं गुणतात. 2.0 ची सोपी उडी, तीन साती: 42. 2.8 ची अवघड उडी, तीन पाच्या: तेही 42. अवघड उडीसाठी पोरीला रेटू नका.

जुना_मिरजकर
ताई, छान लिहिलंत. 1951 च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म, दोन्ही सुवर्णं आपल्याला दिली होती, हे आता कुणाला ठाऊक नसतं. नोकरीचं म्हणाल तर राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडू घेतात. पण शिक्षण सोडायचं नाही.

संगमकाठ (हरिपूर)
ताई, आजीला तुमचा निरोप वाचून दाखवला. रिव्हर्सचं ऐकून ती आणखीच घाबरली. विहिरीवर जाणं बंद करू का?

गावभागची_ताई
आजींना सांगा, रिव्हर्स यायला वर्षं जातात. त्याआधी ट्रॅम्पोलिन, कमरेला पट्टा, फोमवर पडणं, सगळं जमिनीवरच. आत्ता सांगलीतच एखाद्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला घाला, दोन वर्षं तेवढं पुरे. घरी भिंतीला पाय टेकवून हातांवर उभी राहू दे, कोपर ताठ, तळहात सपाट. पुण्याचं तिच्या अकराव्या वर्षी बघू, तेव्हा मला नक्की विचारा.

विहीर बंद करू नका. पण तीन मीटरच्या बोर्डखाली पावणेचार मीटरच्या आसपास पाणी ठेवतात, आणि मार्चनंतर आपल्या विहिरी किती खाली जातात ते तुम्हाला माहीत आहे. या रविवारी दोराला दगड बांधून पाणी मोजा. कमी भरलं तर थारोळ्यावरची सुळकी पाऊस पडेपर्यंत बंद, पायरीवरून उतरून पोहायचं.