एकोणसत्तरचा रंग नक्की कोणता?

मोरावळा: मला लहानपणापासून आकडे रंगीत वाटतात, म्हणजे कागदावर शाई काळीच असते पण डोक्यात पाच म्हटलं की हळदीचा पिवळा, सहा शेवाळी, सात विटकरी, हे पक्कं आहे, कधी बदललं नाही. आईला सांगितलं तर म्हणे मग गणितात एवढे कमी कसे पडायचे, असो. परवा मंडईत भाजीवाल्या मावशी म्हणाल्या एकोणसत्तर झाले, आणि सत्तरमुळे डोक्यात लख्ख विटकरी. मग त्यांनी पुठ्ठ्यावर बॉलपेनने केलेला हिशोब बघितला तर खाली ६९, आणि पहिला रंग शेवाळी! एकच आकडा, दोन रंग. मी तिथेच बघत उभी, मावशींना वाटलं हिशोबावर संशय आहे. अजून कुणाला होतं का असं?

पेठी_भुंगा: दुपारी १ ते ४ झोपत चला, होणार नाही.

अर्धा_कटिंग: भुंग्याकडे लक्ष देऊ नका, याला सिनेस्थेशिया म्हणतात आणि हा आजार नाही. गॉल्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास असल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय. रामचंद्रन आणि हबर्ड या मेंदूच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये एक मस्त टेस्ट दिली होती, पानभर काळे पाचचे आकडे, त्यात काही दोनचे आकडे अशा बेताने पेरलेले की त्यांचा त्रिकोण होतो, आपण शोधत बसतो, या लोकांना तो जास्त पटकन सापडतो. आणि तुमच्या कामाचं म्हणजे त्यांनी तपासलेल्यांना रोमन आकड्यांत रंग दिसेना, म्हणजे तिथे रंग आकाराला चिकटलेला होता, संख्येला नाही. तुमचं मात्र कानाचं आणि डोळ्याचं वेगवेगळं चाललेलं दिसतंय, आमच्या मराठीत एकोणसत्तर बोलताना सत्तर आणि लिहिताना सहा, त्याला कोण काय करणार.

गुळपोळी: मला फक्त वारांना रंग आहेत, गुरुवार जांभळा. पण एक करून बघा ना, बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात वीस एक, साठ तीन असं दिलं होतं बघा, केवढा दंगा झाला होता त्यावर. तसं मोठ्याने साठ नऊ म्हणून बघा.

मोरावळा: आत्ता म्हटलं. शेवाळी आला!! स्वच्छ, विटकरीचा मागमूस नाही. तेव्हा त्या पुस्तकावर सगळ्यात जास्त मीच बोंबलले होते.

पेठी_भुंगा: मंडईत साठ नऊ म्हणून बघा, मावशी दाखवतील रंग.