शब्दचर्चा: 'स्थिर विद्युत' की 'स्थितिक विद्युत'?

फोंडेकर: भाची बारावीला आहे, कॉलेजात सगळं इंग्रजीतून. घरी मी मराठीत समजावतो. 'स्थिर विद्युत' म्हटल्यावर ती म्हणाली, "मामा, धातूवर प्रभार (चार्ज) धावतो ना, मग स्थिर कसा?" जुन्या पुस्तकात 'स्थितिक' दिसतं. नेमका फरक काय?

साखळीकर: भाचीचा प्रश्न रास्त आहे. प्लास्टिकचा कंगवा घासला की प्रभार घासल्या जागीच राहतो, तिथे 'स्थिर' शोभतं. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे. तांब्याच्या गोळ्याला एका बाजूने प्रभार दिला तरी सजातीय प्रभार एकमेकांना लोटतात आणि पापणी लवायच्या आत नवी मांडणी होते. आतलं विद्युत क्षेत्र शून्य झालं की हालचाल थांबते. जास्तीचा प्रभार सगळा बाहेरच्या पृष्ठभागावर, आणि अख्ख्या गोळ्याचं विभव (पोटेन्शियल, म्हणजे विजेची पातळी) एकच. 'स्थितिक' हे या थांबलेल्या स्थितीचं नाव, म्हणून मला तेच पटतं.

क्रियापदही जपून वापरा. धातूवर प्रभार 'चिकटत' नाही, 'पसरतो'. एकट्या गोळ्यावर सारखा पसरतो. वस्तूला टोक असेल तर तिथे दाटतो. तिथलं क्षेत्र मीटरला साधारण 30 लाख व्होल्टवर गेलं की हवाच वीज वाहून नेऊ लागते.

डिचोलीकर: आणि 'वाहक'? 'वाहकाला प्रभार द्या' म्हटलं की आमच्या वर्गातली पोरं कदंब बसचं तिकीट मागतात!

साखळीकर: मग 'सुवाहक' म्हणा. फक्त प्रभाराला 'भार' म्हणू नका, भार म्हणजे लोड, तो पंप-फ्रिजचा.

फोंडेकर: 'फॅरडेचा पिंजरा' म्हणतात, तो खरंच पिंजरा होता?

साखळीकर: 1836 मध्ये शास्त्रज्ञ मायकल फॅरडेने खोलीएवढी चौकट धातूने मढवली, बाहेरून जोरदार प्रभारित केली आणि स्वतः आत जाऊन बसला. आतल्या विद्युतदर्शीला (प्रभार आला की पातळ पानं उघडून दाखवणारं उपकरण) पत्ता नाही. विजा कडाडताना पत्र्याची बंद गाडी बरी म्हणतात ती याच कारणाने, रबरी टायरमुळे नव्हे.

डिचोलीकर: शाळेत जुलैत विद्युतदर्शीची पानं उघडतच नाहीत. उपकरण बिघडलंय का?

साखळीकर: बहुतेक नाही. आपल्या पावसाळ्यात उपकरणाच्या दुर्वाहक (वीज न वाहणाऱ्या) बुडावरही ओलाव्याचा थर धरतो आणि प्रभार त्यावरून निसटतो. याला 'गळती' म्हणा. ठिणगी पडून गेला तर 'विसर्जन'. बूड हेअर ड्रायरने सुकवून बघा, नाहीतर प्रयोग जानेवारीवर ढकला.