हरिश्चंद्रगड, चैत्र अमावास्या (सोसायटीच्या ग्रुपवर, फ्लॅट नंबरनुसार)

बी-४०३ : १७ एप्रिल २०२६, शुक्रवार, अमावास्या. पायथ्याच्या पाचनईहून गडावर जाऊन रात्री कोकणकड्यावरून आकाशगंगेचे फोटो काढायचेत. क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स. काका, सेटिंग काय ठेवू?

ए-१०१ : सेटिंग नंतर, आधी जागा बदल. कड्याचं तोंड पश्चिमेला आणि आकाशगंगेचा गाभा (सर्वात दाट, उजळ भाग) उगवतो आग्नेयेला, म्हणजे तुझ्या पाठीमागे. वर समोर कल्याण-मुंबईकडचा उजेड. देवळाच्या बाजूला आग्नेय ते दक्षिण मोकळी दिसेल अशी जागा दिवसाच होकायंत्र लावून हेरून ठेव.

सी-२०४ : आणि वेळ?

ए-१०१ : साडेअकराच्या सुमारास गाभा क्षितिजावर येतो, पण तेव्हा धुरकट थरात बुडालेला असतो. २ ते साडेचार गाठा. ५ नंतर आकाश उजळतं. तांबूस ज्येष्ठा तारा दिसला की त्याच्या डावीकडे खाली बघायचं.

 

ए-१०१ : आता सेटिंग. १८ मिमी, एफ ३.५ (लेन्सचं तोंड पूर्ण उघडं), आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल). शटर किती वेळ उघडं ठेवायचं त्याचा ढोबळ नियम : ५०० ला १८ गुणिले १.५ (क्रॉप सेन्सरचा गुणक) ने भागलं की साधारण १८ सेकंद येतात, पण २४ मेगापिक्सेलवर तेवढ्यात तारे लांबट होतात. १२ च ठेव. फोटो काळोखा येईल, येऊ दे. न हलवता असे २० काढ आणि सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र कर, फोटोतले दाणे (नॉइज) जातात.

बी-४०३ : फोकस इन्फिनिटीला (अनंत अंतरावर) ना?

डी-३०२ : तिथेच बहुतेकांचे फोटो फसतात. किट लेन्सवर इन्फिनिटीची खूण नसतेच, रिंग टोकापर्यंत फिरवली तर तारे फुगतात. मॅन्युअल करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर बघत) स्वाती हा ठळक तारा १० पट मोठा करून बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत फिरवा. मग रिंगवर चिकटपट्टी. झूम हलला की पुन्हा पहिल्यापासून. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, टायमर २ सेकंद.

सी-२०४ : मोबाइलवर जमेल?

डी-३०२ : प्रो मोड (सेटिंग हाताने बदलायची सोय) असेल तर जमेल. स्टँड हवाच. आयएसओ ३२००, १५ सेकंद.

ए-१०१ : वर वारा असतो, ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा, अंधारात काळा फोटोही उजळ वाटतो. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर रबराने बांधा. पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर आला की नजर सरावायला परत २०-३० मिनिटं जातात, आणि शेजारच्याचा फोटोही बाद.