तातडीनं मदत हवी आहे: घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप कशात घ्यावा?

जकार्डवाला_सोलापूर: कॉम्प्युटर चालू व्हायला दहा मिनिटं घेतोय आणि परवापासून आतून टकटक आवाज येतोय. पोरीच्या बारशापासूनचे फोटो त्यातच, माझे टॉवेल-चादरीचे डिझाइन पण त्यातच. हार्डडिस्क घेऊ, पेनड्राइव्ह घेऊ का क्लाउड? एकच काय ते सांगा, व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. उद्या नवी पेठेत जाणाराय, त्याच्या आत सांगा.

तीन_प्रती: डेटा किती? नेटचा अपलोड स्पीड किती? आत्ता दुसरीकडं कुठं कॉपी आहे का? यातलं काहीच लिहिलं नाही, आम्ही काय ज्योतिषी आहोत होय.

जकार्डवाला_सोलापूर: डेटा भरपूर आहे. कॉपी आहे की, डी ड्राइव्हला सगळं टाकून ठेवलंय.

तीन_प्रती: डी म्हणजे वेगळी डिस्क का?

जकार्डवाला_सोलापूर: एकच असंल. घेतला तेव्हापासून सी आणि डी दिसतंय.

तीन_प्रती: मग बॅकअप नाहीच तुमच्याकडं. एकाच घरात दोन खोल्या केल्यात, छप्पर कोसळलं की दोन्ही गेल्या. त्यात डिस्क टकटक करतीय.

पेंग्विन_४१३: विंडोज 10 आहे का? 14 ऑक्टोबर 2025 ला सपोर्ट संपला त्याचा. विंडोज काढून त्या जागी लिनक्स टाका, कॉम्प्युटर पळायला लागेल.

शेंगाचटणी: त्यानं टकटक थांबती का बे? काहीही.

रिपेअरकाका: सीएचकेडीएसके स्लॅश आर मारा, विंडोजची डिस्क तपासायची कमांड आहे, रात्रभर चालू द्या, बॅड सेक्टर म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा सापडतील.

तीन_प्रती: काका, कृपा करून नको. मरत्या डिस्कला रात्रभर पळवल्यावर सकाळी हाताला काय लागणार? आधी डेटा बाहेर, मग काय ते प्रयोग. जकार्डवाले, आज कॉम्प्युटर बंदच ठेवा, उद्या डिस्क आणल्यावर चालू करा.

रिपेअरकाका: वीस वर्षं हेच काम करतोय मी.

मंजिरी_जुळेसोलापूर: मी तर सगळं गूगल ड्राइव्हला टाकते, 15 जीबी फुकट मिळतंय, हार्डडिस्क सांभाळायची कटकट कशाला?

शेंगाचटणी: ताई, त्या 15 मध्येच मेल आणि फोटो पण येतात.

जकार्डवाला_सोलापूर: बंद करायच्या आधी फोल्डर बघितलं, 380 जीबी आहे. अपलोड 5 एमबीपीएस येतंय.

तीन_प्रती: म्हणजे क्लाउडला चढवायला रात्रंदिवस आठवडा, तोवर डिस्क टिकंल का? 1 टीबीची बाहेरची हार्डडिस्क घ्या. पुढच्या महिन्यात अजून एक घेऊन भावाकडं नायतर सासरवाडीला ठेवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागा, एक घराबाहेर, असा नियम आहे. दुसऱ्या प्रकारच्या जागेसाठी खास डिझाइन तेवढे क्लाउडला चढवा. आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा, कायम लावून ठेवली तर व्हायरस आला की ती पण जाती.

मंजिरी_जुळेसोलापूर: काढून माळ्यावर ठेवू नका हां. आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात हात लावता येत नाही कशाला.

यंत्रमाग_पोरगा: आमच्याकडं कारखान्यात जुन्या मागावर अजून डिझाइनची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पंचकार्डं दोऱ्यात ओवून लटकतात, ती कधी करप्ट झाली नाहीत 😄

शेंगाचटणी: उंदरानं कुरतडली की कळंल तुला.

रिपेअरकाका: जाऊ दे. पण एसएसडी घ्या म्हणतो मी, तिच्यात फिरणारी तबकडी नसती, पडली तरी धक्का सोसती.

तीन_प्रती: रोज वापरायला झकास, पण वर्षानुवर्षं कपाटात वीज न देता ठेवायला मी तरी घेणार नाही.

जकार्डवाला_सोलापूर: आज घेतली. दुकानदारानं फसवलं काय? डब्यावर 1 टीबी, इथं 931 जीबी दाखवतंय.

शेंगाचटणी: नाही ओ. कंपनी हजारानं मोजती, विंडोज 1024 नं. सगळ्यांचं तेवढंच येतं.

तीन_प्रती: कॉपी झाल्यावर दुसऱ्या लॅपटॉपला लावून चार-पाच फायली उघडून बघा. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं नसतं.

जकार्डवाला_सोलापूर: फोटो आधी घेतले, शेजारच्या लॅपटॉपवर बारशाचा उघडला, बायको बघून रडली. आता डिझाइन चाललंय, मोराच्या चादरीवर अडकलंय, ट्राय अगेन का स्किप विचारतंय. काय दाबू?

तीन_प्रती: स्किप. बाकीचं आधी येऊ द्या, मोर शेवटी.