मेगा रूप ‘होते’ की ‘घेते’? : पोकेमॉन गोमधल्या रूपांचे मराठी शब्द

विचारणा :

पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडण्याचा फोनवरचा खेळ, पोकेमॉन गो, नव्याने खेळू लागलेल्यांसाठी मराठीत माहिती लिहायला घेतली आहे. पकडणे, अंडी उबवणे, जिम, रेड (अनेकांनी मिळून एका बलाढ्य प्राण्याशी करायची लढत) इथवर काही अडले नाही. अडले ते वाढीव ताकदीच्या रूपांपाशी. ‘मेगा इव्होल्यूशन’साठी ‘मेगा उत्क्रांती’ असे लिहून एका नव्या खेळाडूला वाचायला दिले. तिने लगेच विचारले, “म्हणजे चॅरिझार्ड एकदा मेगा केला, की साधा चॅरिझार्ड परत मिळणार नाही?” खरे तर आठ तासांनी तो आपोआप परत येतो. पण त्याच मजकुरात वर चारमँडरची उत्क्रांती होऊन चारमेलियन होतो असे आहे आणि तिथे परतीची वाट नाही. तेव्हा तिला पडलेला प्रश्न अगदी स्वाभाविक होता.

प्रायमल, शॅडो, प्युरिफाइड, डायनामॅक्स, जायगँटामॅक्स हेही पुढे यायचे आहेत. सगळ्यांना ‘शक्तिशाली रूप’ म्हणून निभेल का?

उत्तर :

‘शक्तिशाली रूप’ नको. या खेळात ‘पॉवर अप’ नावाची वेगळी क्रिया आहे. स्टारडस्ट आणि कँडी (खेळात साठवायच्या वस्तू) खर्चून सीपी, म्हणजे लढाऊ ताकदीचा आकडा, पायरीपायरीने वाढवायचा. ती वाढ कायमची असते आणि प्राणी दिसायला तसूभरही बदलत नाही. वाचणारा ‘शक्तिशाली’चा संबंध तिकडे जोडणार.

आता उत्क्रांती. उत् अधिक क्रम्, म्हणजे वर किंवा बाहेर पाऊल टाकणे. वेदान्तात जीव देह सोडून निघतो त्यालाही उत्क्रांतीच म्हटले आहे. जीवशास्त्रातला अर्थ नंतरचा. दोन्ही अर्थांत निघालेला मागे फिरत नाही, म्हणून मॅजिकार्पचा ग्याराडोस होतो तिथे हा शब्द चांगला बसतो. ४०० कँडी मोजल्या की मॅजिकार्प संपला. (जीवशास्त्राचे जाणकार म्हणतील, उत्क्रांती जातीची होते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालते, एकट्या प्राण्याची होत नाही. हरकत रास्त आहे. पण मूळ जपानी खेळातही ‘शिन्का’ हाच जीवशास्त्रातला शब्द घेतला आहे, तेव्हा ते ओझे मराठीने एकटीने वाहायचे कारण नाही.)

हा ‘शिन्का’ शब्द मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्याच्या दोन चिनी अक्षरांचे अर्थ ‘पुढे जाणे’ आणि ‘बदलणे’. २०१३ मध्ये पोकेमॉन एक्स आणि वाय या खेळांत मेगा रूपे आली तेव्हा ‘मेगाशिन्का’ हा शब्द मात्र सबंध काताकाना या नुसता उच्चार दाखवणाऱ्या लिपीत लिहिला गेला. उच्चार तोच, पण ‘पुढे जाणे’ सांगणारे अक्षर गळले. जपानी वाचकाला ही नेहमीची शिन्का नव्हे हे नुसत्या लिखावटीवरून दिसते. आपल्याला तशी दुसरी लिपी हाताशी नाही. आपल्याकडे क्रियापद आहे, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

‘शिंगराचा घोडा झाला’, ‘सुरवंटाचे फुलपाखरू झाले’, ‘मॅजिकार्पचा ग्याराडोस झाला’. अमक्याचा तमका झाला, या रचनेत पहिला संपतो. घोडा झाल्यावर शिंगरू उरत नाही. उलट ‘ग्याराडोसने मेगा रूप घेतले’ या वाक्यात ग्याराडोस कर्ता आहे. तो जागेवरच आहे, रूप त्याने अंगावर घेतले आहे, आणि घेतलेले टाकताही येते. कथेकरी ‘विष्णूचा वामन झाला’ असे सांगत नाहीत, ‘विष्णूने वामनरूप घेतले’ असे सांगतात, आणि मग विष्णू गेला कुठे असे कोणी श्रोता विचारत नाही.

तेव्हा नाव काहीही ठेवा. कायमच्या बदलाला ‘चा होणे’ आणि तात्पुरत्याला ‘रूप घेणे’, एवढे सगळीकडे पाळा.

दुसरे मत :

क्रियापदाचे पटले. ‘रूप’ मात्र अपुरा वाटतो. रूप म्हणजे दिसणे, आणि मेगात आतलेही बदलते. प्रत्येक पोकेमॉनचे एक किंवा दोन प्रकार असतात, आणि कोणता हल्ला त्याला किती लागतो ते त्यांवर ठरते. साधा चॅरिझार्ड अग्नी आणि उड्डाण या प्रकारांचा, तर मेगा चॅरिझार्ड एक्स अग्नी आणि ड्रॅगन. उड्डाण गेल्यामुळे खडक प्रकाराचा दुहेरी मार एकेरी होतो, आणि जमीन प्रकाराचे जे हल्ले त्याला फारसे लागत नसत तेच आता झोंबतात. एवढ्या फरकाला नुसते ‘रूप’ म्हणावे का?

मला ‘आवेश’ सुचवावासा वाटतो. आ अधिक विश्, आत शिरणे. वैष्णव परंपरेत आवेशावतार अशी कल्पना आहे : ईश्वरी शक्ती एखाद्याच्या ठायी शिरते, काम उरकले की निघून जाते. परशुरामांना त्यात गणतात. ताकद येते, मुदतीपुरती राहते, जाते, आणि ज्याच्यात आली तो मागे उरतो. मेगाचे याहून नेमके वर्णन मला दिसत नाही. शिवाय आवेश भोवतालच्यांनाही चढतो. रेडमध्ये कोणाचा मेगा मैदानात असला, की बाकीच्या खेळाडूंच्या हल्ल्यांत १० टक्क्यांची भर पडते, आणि हल्ला त्या मेगाच्याच प्रकाराचा असेल तर ३० टक्क्यांची. आणि मराठीत आवेश ‘चढतो’ आणि ‘ओसरतो’, हे तर आयतेच आहे.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून :

आवेशावतार वाचून मनापासून आनंद झाला, कल्पना अगदी जुळते. तरी नाव म्हणून तो शब्द मी घेणार नाही. आजच्या मराठीत आवेश हा भाषणात आणि भांडणात असतो. ‘माझा ग्याराडोस आवेशात आहे’ असे वाचले तर तो चिडला आहे असेच वाटेल (त्याचा चेहरा पाहता तर नक्कीच).

‘रूप’ मात्र इतके उथळ नाही. नरसिंहरूप म्हटल्यावर आपल्याला नुसती आयाळ आठवत नाही, नखेही आठवतात. घेतलेल्या रूपाबरोबर त्याचे बळ येते आणि त्याच्या मर्यादाही येतात, हे मराठी वाचक गृहीतच धरतो.

आणि ‘मेगा’ला प्रतिशब्द कशाला? ग्रीक ‘मेगास’ आणि संस्कृत ‘महत्’ एकाच मुळातून आलेले आहेत. ‘मेगाभरती’, ‘मेगाब्लॉक’ वर्तमानपत्रांनी केव्हाच रुळवले. ‘महारूप’ लिहिलेत तर खेळाडूला ते खेळात कुठे सापडणार? पडद्यावर मेगा दिसते तेच लिहावे.

तुमचे ‘ओसरणे’ मात्र ठेवायलाच हवे. ‘मेगा रूप संपले’ म्हटले की प्राणीच संपल्यासारखा वाटतो. ‘मेगा रूप ओसरले’ म्हटले की मूळ प्राणी तिथेच उभा आहे हे कळते.

आणखी एक भेद करून ठेवा. २०२० च्या ऑगस्टमध्ये मेगा या खेळात आले तेव्हा मुदत चार तासांची होती, ती पुढे आठ झाली. २०२२ च्या बदलानंतर पहिल्या वेळी मेगा एनर्जी (या रूपासाठी साठवायची खास ऊर्जा) मोजावी लागते. नंतर तो प्राणी ठरावीक दिवस विसावला की तेच रूप फुकट घेता येते. थांबायचे नसेल तर पुन्हा एनर्जी खर्चायची, आणि विसावा जितका झाला असेल तितका खर्च कमी. म्हणून पहिल्या वेळी ‘मेगा रूप मिळवणे’ आणि त्यानंतर ‘मेगा रूप घेणे’ असे लिहिले, तर खर्चाचा नियम निम्मा तिथेच समजेल. मधल्या काळाला ‘विसावा’ म्हणा. ‘कूलडाउन’पेक्षा तो खेळातल्या विश्रांतीच्या कल्पनेला जवळचा आहे.

विचारणा करणाऱ्याकडून :

‘मिळवणे’ आणि ‘घेणे’ लगेच उचलतो. आता शॅडो. ‘छाया पोकेमॉन’ लिहिले होते, पण जीभ अडखळते.

उत्तर :

अडखळणारच. मराठीत छाया आणि सावली आसरा देतात. छत्रछाया म्हणतो, मायेची सावली म्हणतो. इथे काय आहे? २०१९ मध्ये टीम गो रॉकेट या खलनायकांच्या टोळीबरोबर आलेले हे प्राणी : लाल डोळे, अंगाभोवती जांभळ्या ज्वाळा, हल्ला २० टक्क्यांनी जोरकस, पण अंगावर येणारा मारही तसाच जास्त लागतो. जुन्या ‘पोकेमॉन कोलोसियम’ या खेळात, २०००च्या दशकाच्या सुरुवातीला, ही कल्पना पहिल्यांदा आली. हृदय कुलूपबंद केलेले प्राणी, अशी ती गोष्ट. तिथे जपानीत त्यांना ‘डार्क पोकेमॉन’ म्हटले होते. म्हणजे सावलीचा हट्ट मुळातही नव्हता.

मराठीत याला सरळ शब्द आहे : झपाटलेला. ज्याला झपाटले त्याच्या अंगात दहा माणसांचे बळ येते आणि त्याचे स्वतःचे नुकसानही होत राहते, हे आपल्या बोलण्यात मुरलेले आहे. वाढलेला हल्ला आणि घटलेला बचाव, दोन्ही एका शब्दात येतात. जरा औपचारिक हवे असेल तर ‘बाधित’.

आणि मुख्य म्हणजे शॅडोला ‘रूप’ म्हणू नका. तो प्राणी ते घेत नाही, ते त्याच्यावर लादलेले आहे, आणि त्याला मुदतही नाही. ती अवस्था आहे.

यावरून प्युरिफायला काय म्हणायचे तेही सुटते : बाधा उतरवणे. ‘शुद्धीकरण’ हा शब्द मी कटाक्षाने टाळीन. माणसांच्या जातिधर्मावरून तो इतका वापरला गेला आहे की मुलांच्या खेळात तो आणणे मला खुपते. बाधा उतरवली की प्राण्याचे हल्ला, बचाव आणि दम हे तिन्ही उपजत गुण दोन-दोन अंकांनी वाढतात, आणि मेगा रूप असलेला प्राणी असेल तर ते रूप घेण्याची वाटही मोकळी होते. झपाटलेल्याला मेगा रूप घेता येत नाही. मात्र उतरवलेली बाधा पुन्हा चढत नाही, हे नवख्यांना ठळक अक्षरांत सांगा. रेडमधल्या हल्ल्यासाठी अनेकदा झपाटलेलाच जास्त कामाचा असतो. बिचाऱ्याची दया येऊन बाधा उतरवली आणि मग हळहळले, असे खूप जणांचे होते.

तिसरे मत :

शॅडोचे वाचून फार बरे वाटले. मी मुलांना हा खेळ समजावताना ‘भूत लागलेला’ म्हणत असे, ते कळते पण घोस्ट प्रकाराशी गोंधळ होतो. ‘झपाटलेला’त तो होत नाही.

प्रायमलबद्दल थोडेसे. कायोग्र आणि ग्राउडॉन या दोघांनाच ते आहे, २०१४ च्या खेळांतून आलेले आणि गोमध्ये २०२३ मध्ये. बऱ्याच ठिकाणी ‘आदिम’ दिसते. आदिममध्ये मागासलेपणाची छटा शिरली आहे. ‘आद्य’ घ्यावा, त्यात पहिलेपणाबरोबर मान आहे, आद्यकवी म्हणतो तसा. इंग्रजी ‘प्रायमल रिव्हर्जन’मधले ‘रिव्हर्जन’ (मूळ अवस्थेत परत जाणे) वेगळे भाषांतरित करायची गरज नाही. ‘कायोग्रने आद्यरूप घेतले’ म्हटले की परत जाणे त्यातच आले.

विचारणा करणाऱ्याकडून :

आद्यरूप पक्के. डायनामॅक्स आणि जायगँटामॅक्स यांतला फरक शब्दांतून दाखवता येईल का? दोन्हींना ‘महाकाय’ लिहून पाहिले, फरक पुसला जातो.

पहिल्या उत्तरकर्त्याकडून :

येईल, आणि जपानी नावेच रस्ता दाखवतात. डायनामॅक्सचे जपानी नाव ‘दाइमाक्कुसु’. ‘दाइ’ म्हणजे मोठे. जायगँटामॅक्स ‘क्योदाइमाक्कुसु’, आणि ‘क्योदाइ’ म्हणजे प्रचंड. एका शब्दाच्या पोटात दुसरा अख्खा बसवला आहे. इंग्रजीने त्याऐवजी ग्रीकचा आधार घेतला, एकात सामर्थ्य आणि दुसऱ्यात राक्षसी देह.

डायनामॅक्समध्ये प्राणी तोच राहतो, फक्त अवाढव्य होतो. तिथे ‘महाकाय’ बरोबर आहे, कारण त्यात काया मोठी झाली एवढेच म्हटले आहे. जायगँटामॅक्समध्ये आकाराबरोबर घडणही बदलते. चॅरिझार्डचे पंख ज्वाळांचे होतात, आणि त्याला खास त्याचाच असा हल्ला मिळतो. त्याला ‘विराट रूप’ म्हणा. अर्जुनाला दिसले ते नुसते मोठे झालेले कृष्ण नव्हते, वेगळेच काही होते.

क्रियापदही त्याप्रमाणे. ‘चॅरिझार्ड महाकाय झाला’ चालेल. इथे ‘झाला’ आहे, पण मागे ‘चा’ नाही. ‘पाण्याचा बर्फ झाला’ आणि ‘पाणी गार झाले’ यांत जो फरक आहे तोच. दुसऱ्यात पाणी पाणीच राहते. ‘चॅरिझार्डने विराट रूप घेतले’ हे तर उघडच आहे.

फक्त एक जपा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मॅक्स बॅटल नावाच्या लढती आल्या. ही दोन्ही रूपे त्या लढतींतच, तीन चालींपुरती मिळतात. मेगासारखी ती घेऊन आठ तास फिरता येत नाही. ‘ओसरणे’ तिथे फार संथ वाटेल. ‘तीन चालींनंतर मूळ आकारावर येतो’ असे साधे लिहा.

दुसरे मत :

क्यूरेम आणि नेक्रोझ्मा यांचे फ्यूजन राहिले, म्हणजे त्यांतल्या प्रत्येकाचे दुसऱ्या एखाद्या पोकेमॉनशी जोडले जाणे. ‘एकजीव’ टाळावा, कारण एकजीव झालेले सुटत नाही आणि हे जोडलेले दोघे पुन्हा वेगळे करता येतात. ‘जोडरूप’ चालेल. ‘क्यूरेमने रेशिरामशी जोडरूप घेतले’, मग ‘जोड सोडवली’.

विचारणा करणाऱ्याकडून :

सगळे धरून असे लिहिले आहे, पाहाल का :

“कँडी देऊन मॅजिकार्पचा ग्याराडोस होतो. हा बदल कायमचा. पुरेशी मेगा एनर्जी साठली, की ग्याराडोसचे मेगा रूप मिळवता येते. ते आठ तासांनी ओसरते आणि ग्याराडोस पूर्वीसारखा होतो. एका वेळी एकाच प्राण्याला मेगा रूप घेता येते. ग्याराडोस झपाटलेला असेल, तर आधी त्याची बाधा उतरवावी लागते. उतरवलेली बाधा परत येत नाही, म्हणून घाई करू नका.”

उत्तर :

‘पूर्वीसारखा होतो’ऐवजी ‘मूळ रूपात येतो’ करा. ‘पूर्वीसारखा’ वाचून मेगा रूपात असताना मिळालेली मेगा पातळीही (पुन्हा पुन्हा मेगा रूप घेतल्याने वाढणारी) गेली असे वाटेल, आणि ती टिकते. बाकी तसेच जाऊ द्या.