लेकीबरोबर 'इट' बघायचं आहे: 1990 ची मिनीसिरीज की नवे सिनेमे? सल्ला हवा

कंदील
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, तेरा पूर्ण. वर्गातल्या मुलींनी मोबाईलवर त्या फुगेवाल्या विदूषकाचे तुकडे बघितलेत आणि आता हिला स्टीफन किंगचं 'इट' अख्खं बघायचं आहे. मी नाही म्हटलं तर कुणा मैत्रिणीकडे बघेल. त्यापेक्षा घरी, माझ्या शेजारी बसून बघितलेलं बरं, असं मी ठरवलंय.

भयकथा मला नव्या नाहीत, धारप-मतकरी वाचतच मोठी झाले. पण 'इट' मी स्वतः कधी बघितलं नाही, आणि आता त्याचे तीन-चार अवतार आहेत असं कळतंय.

अडचण अशी आहे. ही पाच-सहा वर्षांची असताना बाथरूममधल्या जाळीला फार घाबरायची. डोक्यावर पाणी घेताना एक पाय कायम दाराकडे. खालून कुणीतरी हाक मारतं म्हणायची. मी "काही नसतं गं तिथे" म्हणून जाळीवर डबा पालथा घालायचे आणि आंघोळ उरकून घ्यायचे. पुढे ते आपोआप थांबलं. आता ऐकते की या गोष्टीतलं भूत गटारातून आणि बेसिनमधूनच बोलतं. मग दाखवावं का? दाखवायचं तर आधी काय, आणि कुठे जपून?

रात्रपाळी
कंदीलताई, 1990 ची मिनीसिरीज दाखवा. जरा सविस्तर लिहितो, कारण या मालिकेवर माझा फार जीव आहे.

अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 18 आणि 20 नोव्हेंबर 1990 या दोन रात्री ती दाखवली गेली. दिग्दर्शक टॉमी ली वॉलेस. पटकथा लॉरेन्स कोहेन आणि वॉलेस यांची. 'कॅरी' या 1976 च्या सिनेमाची पटकथाही कोहेन यांनीच लिहिली होती. दोन्ही भाग मिळून तीन तासांच्या थोडं वर. घरोघरी जेवणं आटोपल्यावर जाहिरातींसकट बघायची ती गोष्ट, त्यामुळे रक्त किती दाखवायचं यावर वाहिनीचा हात आखडता होता. मला वाटतं ते पथ्यावरच पडलं. जॉर्जीचा प्रसंग घ्या. पाऊस, पिवळा रेनकोट, थोरल्या भावाने मेण लावून दिलेली कागदाची होडी. ती वाहत वाहत गटाराच्या तोंडात जाते, आतून विदूषक गोड गोड बोलतो, पोराचा हात पुढे होतो. पुढचं आपल्याला दाखवत नाहीत. 2017 च्या सिनेमात त्याच प्रसंगात पोराचा हात तुटतो आणि तो रस्त्यावर सरपटताना दिसतो. तेरा वर्षांच्या मुलीसाठी हा फरक लहान नाही.

दुसरं कारण टिम करी, विदूषकाचं काम करणारे नट. त्यांचा पेनीवाईज, म्हणजे तो विदूषक, बहुतेक वेळ साध्या सर्कशीतल्या विदूषकासारखाच दिसतो आणि खुशाल दिवसाउजेडी येतो. मालिकेची सुरुवातच बघा, दोरीवर चादरी वाळत घातलेल्या आणि त्यांच्या मधून तो डोकावतो. दात क्वचितच दिसतात. हसतमुख, गप्पिष्ट, जरा जास्तच सलगीचा. असा माणूस दिसला तर मूल खरंच जवळ जाईल. नव्या सिनेमातला बिल स्कार्सगार्डचा पेनीवाईज मला आवडतो, पण तो लांबूनच इतका अभद्र दिसतो की त्याच्याजवळ कुठलं पोर आपण होऊन जाईल?

आता तुमच्या मुद्द्याचं. मेन राज्यातल्या डेरी नावाच्या काल्पनिक गावातली सात मुलं. प्रत्येकाला ते 'काहीतरी' वेगळ्या रूपात दिसतं. बेनला मेलेले वडील, रिचीला नुकत्याच पाहिलेल्या सिनेमातला लांडगा-माणूस. बेव्हर्लीला बेसिनच्या भोकातून मेलेल्या मुलांचे आवाज येतात, मग त्यातून फुगा वर येतो, फुटतो, आणि सगळं बेसिन रक्ताने भरतं. किंचाळी ऐकून तिचे वडील येतात. त्याच रक्तात हात टेकवून उभे राहतात आणि त्यांना काहीही दिसत नाही.

सगळी मालिका मला त्या एका प्रसंगात सापडते. मोठ्या माणसांना दिसत नाही, मुलांना दिसतं. मूल खोटं बोलत नसतं आणि बापाची नजरही अधू नसते. ही दरी किंगने कादंबरीत हजारभर पानं उलगडली आहे.

तुम्ही जाळीवर डबा ठेवायचात ते वाचून पहिल्यांदा हाच प्रसंग आठवला. दोष देत नाही, माझ्या आईनेही तेच केलं असतं. पण बेसिनचा हा प्रसंग आणि शाळेच्या शॉवरखोलीतला एडीचा, हे दोन तुम्ही आधी एकट्याने बघून ठेवा. ते जाळीशीच संबंधित आहेत. लेकीला आधी सांगा की असं येणार आहे. सांगितल्याने मजा जात नाही.

सातारकर
मला 2017 चा सिनेमा जास्त आवडतो, पोरांची कामं अफाट आहेत. पण मुलीच्या वयाचं म्हणाल तर रात्रपाळींशी सहमत. अमेरिकेतसुद्धा त्याला 'आर' प्रमाणपत्र होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. 2019 चा दुसरा भाग जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे आणि आणखी हिंसक. 2025 मध्ये एचबीओवर 'वेलकम टू डेरी' आली, 1962 सालात घडते, तीही मोठ्यांसाठीच. मुलगी कॉलेजात गेली की हे सगळं आहेच.

निंबोणी
मी माध्यमिक शाळेत शिकवते. मालिका दोनदा पाहिली आहे. रात्रपाळींनी एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही, ती आधी सांगते.

पहिल्या भागाच्या शेवटी त्या सात मुलांतला स्टॅन, आता मोठा झालेला, बाथटबमध्ये आत्महत्या करतो. लहानपणच्या मित्राचा फोन येतो, विसरलेलं सगळं वर येतं, आणि परत तिथे जाण्यापेक्षा तो मरण पत्करतो. भिंतीवर रक्ताने अक्षरं. पहिली रात्र तिथेच संपते. कथेच्या दृष्टीने जबरदस्त जागा आहे, पण तेरा वर्षांच्या मुलीला तिथे टीव्ही बंद करून झोपायला पाठवू नका. गटारातली मुलांची झुंज झाली, पुन्हा काही घडलं तर परत यायचं असं त्यांनी एकमेकांना वचन दिलं, की तिथे थांबा. पुढचा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि बघून झाल्यावर लगेच त्यावर बोला. डीव्हीडीवर दोन्ही भाग सलग जोडलेले आहेत, त्यामुळे रिमोट हातातच ठेवा.

दुसरं, बेव्हर्लीचे वडील तिला मारतात, आणि मोठेपणी तिच्या वाट्याला येणारा माणूसही तसाच निघतो. हा भाग विदूषकापेक्षा खरा आहे. माझ्या वर्गात अशा मुली असतात ज्यांना विदूषकाची भीती वाटत नाही, जिन्यावर वाजणाऱ्या चपलांची वाटते. तुमच्या लेकीच्या एखाद्या मैत्रिणीच्या घरी असं काही असेल तर ती त्या प्रसंगानंतर काही सांगू पाहील. तिला सांगू द्या, मध्ये तोडू नका.

आणि कादंबरी मात्र तिच्या हातात आत्ता देऊ नका. शेवटाकडे मुलांच्या बाबतीतलाच एक प्रसंग आहे जो मोठ्यांनाही वाचवत नाही. मालिकेत तो नाही, सिनेमांतही नाही.

आजोळ
हा विषय निघाला आणि 1998 आठवलं! झी टीव्हीवर 'वो' लागायची. 'इट'वरूनच केलेली हिंदी मालिका. विदूषक झाले होते लिलिपुट, आणि आशुतोष गोवारीकर एका मोठ्या झालेल्या मुलाच्या भूमिकेत. 'लगान'च्या आधीची गोष्ट. मूळ गोष्ट अमेरिकेची हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आम्ही तेव्हा चाळीत राहायचो, संडास गॅलरीच्या टोकाला. मालिका संपली की मी आणि धाकटा भाऊ दोघं मिळून जायचो, एक आत आणि एक बाहेर मोठ्याने पाढे म्हणत उभा. एकोणतीसचा पाढा मला त्या दिवसांत पाठ झाला. कंदील, तुम्हीही त्याच काळातल्या वाटता, तुम्ही बघायचात का?

कंदील
नाही हो, आमच्याकडे केबल उशिरा आलं. पण पाढ्यांचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही आजीच्या घरी परसात जाताना भीमरूपी म्हणायचो, तीही शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता.

निंबोणी, मनापासून आभार. स्टॅनचं मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मोडीवाला
धारप वाचलेत म्हणालात आणि 'शपथ' सुटली? नारायण धारपांची 'शपथ' 'इट'वरच बेतलेली आहे. किंगच्या कल्पना मराठी घरांत आणि मराठी माणसांत आणून बसवणं ही धारपांची ताकद होती. मी 'शपथ' आधी वाचली आणि 'इट' कितीतरी वर्षांनी. तुम्ही मालिकेनंतर वाचा, मराठी पोरांच्या तोंडी हीच भीती कशी बोलते ते कळेल.

एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, इथे लिहितो. आपल्याकडे बागुलबुवा होता. आजी म्हणायची, जेव नाहीतर बागुलबुवा येईल. पण तो दिसतो कसा हे तिने कधी सांगितलं नाही, कुणाच्याच आजीने सांगितलं नाही. त्यामुळे जो तो आपापला बागुलबुवा तयार करायचा. माझा माळ्यावरच्या गाद्यांच्या वळकटीत राहायचा आणि त्याला चेहराच नव्हता. चुलतबहिणीचा विहिरीत, ओल्या केसांचा. एकाच वाड्यात आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींना भीत होतो आणि नाव मात्र एकच. पेनीवाईज माझ्या लेखी हाच आहे. विदूषक हा त्याने घातलेला एक झगा, आतलं रूप ज्याचं त्याने भरायचं.

म्हणूनच मालिकेच्या अखेरीस तो नुसता एक मोठा कोळी होतो तेव्हा मन खट्टू होतं. बागुलबुवाला सगळ्यांनी मिळून एकाच रूपात बघितलं की तो संपला.

रात्रपाळी
कोळ्याबद्दल दुमत नाही, तो फसलाच आहे. दिग्दर्शनाचं काम आधी जॉर्ज रोमेरो यांच्याकडे होतं आणि मालिका बरीच लांब करायचा बेत होता. दोन रात्रींत बसवताना मोठेपणीच्या भागाची ओढाताण झाली. पहिल्या भागाची घडण मात्र अजून कुणाला जमलेली नाही. ग्रंथपाल माईक हॅनलन एकटा गावात राहिलेला, तो एकेका मित्राला फोन लावतो. फोन वाजला की एक आठवण, मग दुसरा फोन, दुसरी आठवण. कादंबरीतही दोन्ही काळ असेच एकमेकांत गुंतलेले आहेत. 2017 आणि 2019 च्या सिनेमांनी बालपण एका बाजूला आणि मोठेपण दुसऱ्या बाजूला केलं, तिथे मला वाटतं गोष्टीचा कणा सैल झाला. आपलं बालपण काही वेगळ्या सिनेमात घडलेलं नसतं.

दुसऱ्या भागातही एक प्रसंग सोन्यासारखा आहे, वाचनालयातला. मोठा रिची उभा आहे, पेनीवाईज वरून त्याला विनोद ऐकवतोय, रक्ताचे फुगे वाचणाऱ्या लोकांच्या अंगावर फुटतायत, आणि कुणी पानावरून मानसुद्धा वर करत नाही. बेव्हर्लीच्या बेसिनशी जोडून बघा. रिची आता मोठा आहे, तरी त्याला दिसतंय.

आणि कान उघडे ठेवा. रिचर्ड बेलिस यांच्या संगीताला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला होता. सर्कशीची चाल हळूच शिरते ना, तेव्हा पडद्यावर काही नसतानाही पोटात कालवतं.

सातारकर
बेसिनवरून आठवलं. कादंबरीत आणि 2017 च्या सिनेमात बेव्हर्लीचे मित्र येऊन ते रक्त स्वतःच्या हाताने पुसून काढतात. त्यांनाही ते दिसतं. मालिका बघून झाली की लेकीला एवढं नक्की सांगा.

कंदील
मंडळी, बघितला पहिला भाग. रविवारी दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून. बेसिन आणि शॉवरचे प्रसंग मी आदल्या रात्री बघून ठेवले होते आणि तिला आधीच सांगितलं होतं. जॉर्जीच्या वेळी तिने माझा दंड धरला, पण डोळे मिटले नाहीत. लांडगा-माणसाला हसली.

बेसिनच्या प्रसंगात वडील रक्तात हात टेकवून "काय झालं" विचारतात, तिथे तिने माझ्या हातातून रिमोट घेऊन मालिका थांबवली. म्हणाली, "आई, तुलाही दिसायचं नाही."

मग बराच वेळ बोलली. जाळीतून येणारा आवाज आजोबांसारखा होता म्हणे. बाबांचे वडील गेले तेव्हा ही पाच वर्षांची होती. आम्ही तिला सांगितलं होतं की आजोबा गावाला गेलेत. तिला वाटायचं ते खाली अडकलेत आणि आम्ही डबा ठेवून त्यांना बंद करतोय. आठ वर्षं हे तिच्या पोटात होतं आणि मला पत्ता नव्हता. मी रडले. ती रडली नाही, तिने मला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी दोघींनी पक्कड घेऊन ती जाळी उचकटली. तिने टॉर्च धरला. खाली केसांचा गुंता, साबणाचा चोथा आणि तिची चौथीतली एक हेअरपिन. पिन तिने धुऊन ठेवली आहे.

निंबोणींनी सांगितलं तसं वचनाच्या जागी थांबलो. स्टॅनचा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला, आणि त्यावर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बोललो. दुसरा भाग येत्या रविवारी.

मोडीवाला, 'शपथ' आमच्या वाचनालयाच्या यादीत आहे पण कपाटात नाही. पुण्यात कुणाकडे प्रत असेल तर सांगाल का? कव्हर घालून वाचू आणि महिन्याभरात परत करू.

मोडीवाला
माझ्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पानं पिवळी पडलीत, तेवढं सांभाळून घ्या.